बूट कोणत्या पायांसाठी घ्यायचा?



तत्त्वज्ञानाचा माणूस बुटांवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'निवड' एवढा एकच शब्द सांगितला होता. पण निवडीवर नुसतं हवेत बोललं तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कापूरहोळला बोलायचं, तर कापूरहोळचंच उदाहरण घ्यावं. शनिवारी-रविवारी पहाटे आपल्या या फाट्यावर उभं राहून बघा. पुण्याकडून आलेल्या गाड्या इथून उजवीकडे भोरला वळतात, त्या रोहिडा, रायरेश्वर, केंजळगडाला जाणाऱ्या. डावीकडे नारायणपूरला वळतात, त्या पुरंदरच्या पायथ्याला. थोडं अलीकडे नसरापूरच्या फाट्याला वळलं की राजगड, तोरणा. चहाच्या टपरीवर उतरणाऱ्यांच्या पायांकडे पाहिलंत तर निवडीचे सगळे प्रकार तिथे दिसतात.

एकाच्या पायात कॉलेजपासूनचे झिजलेले बूट. दुसऱ्याच्या पायात हिमालयातल्या बर्फासाठी बनवलेले, घोट्याच्या वर जाणारे, दगडासारखे जड बूट, आणि निघालाय रोहिड्याला. आणि याच चढावर ताकाचा हंडा घेऊन जाणारी गावातली मावशी साध्या रबरी चपलेवर या दोघांच्याही आधी वर पोचलेली असते.

आजचा प्रश्न या तिघांपैकी कोणाचाच नाही. प्रश्न आहे चौथ्याचा. तो दहा-पंधरा किल्ले करून बसलाय, नवखा राहिलेला नाही आणि तरबेजही झालेला नाही. तो सुधारतोय, पहिला बूट संपलाय, आता दुसरा घ्यायचाय. हा दुसरा बूट पहिल्यापेक्षा अवघड असतो. कसा, ते आपण बघू.

मधल्या माणसाची अडचण

नवख्याला आपल्याला काही कळत नाही हे कळत असतं. तो दुकानदाराला किंवा मित्राला विचारतो, जे मिळेल ते घालतो, आणि बहुतेक वेळा त्याचं चालून जातं. तरबेज माणसाला आपला पाय आणि आपला डोंगर दोन्ही ठाऊक असतात, त्यामुळे त्याची निवड पाच मिनिटांत होते. मधल्याला थोडं थोडं सगळंच कळतं. आपल्याकडे म्हणतात ना, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं? तो धोका बरोबर याच टप्प्यावर असतो.

मधला माणूस बूट घेताना खरं तर तीन माणसांसाठी बूट घेत असतो. एक, काल तो जो होता. दुसरा, आज तो जो आहे. तिसरा, उद्या आपण असे होऊ अशी त्याची स्वतःबद्दलची कल्पना आहे तो. पहिल्यासाठी घेतला तर तोच जुना बूट पुन्हा येतो आणि तो माणूस आहे तिथेच अडकतो. तिसऱ्यासाठी घेतला तर असा बूट येतो की जो त्याच्या आजच्या चालण्याला साथच देत नाही.

ही अडचण फक्त आपल्या सह्याद्रीतली नाही. बर्फावरच्या स्कीचं उदाहरण घ्या. आता कापूरहोळला स्कीचं काय काम, असं म्हणाल. पण औलीला आणि गुलमर्गला जाऊन स्कीइंगचा अभ्यासक्रम करून येणारी मराठी मुलं-मुली आता कमी नाहीत, आणि परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या घरांतली पोरं तर दर हिवाळ्यात डोंगरावर असतात. स्की म्हणजे पायाला बांधायची लांब फळी. वळण घेताना ही फळी वाकावी लागते, आणि ती वाकते ती घसरणाऱ्याच्या वेगानं आणि वजनानं. वेगवान, कसलेल्या माणसासाठी बनवलेली स्की कडक असते. ती भरधाव वेगातही थरथरत नाही. हीच स्की मध्यम वेगानं जाणाऱ्याच्या पायाला बांधली तर ती वाकतच नाही. मग तो अंग फिरवून, जोर लावून ती ढकलतो, दमतो, घाबरतो, आणि चुकीची सवय अंगात मुरवतो. १९९३ साली स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीनं टोकांना रुंद आणि कमरेत बारीक अशी स्की बाजारात आणली. तिच्या आकारामुळेच वळण सोपं झालं, आणि मधल्या टप्प्यावरच्या लोकांचं शिकणं बदलून गेलं. त्यातून घ्यायचा धडा असा, की सुधारणाऱ्याला उपयोगी पडतं ते त्याच्या आजच्या ताकदीला प्रतिसाद देणारं साधन. मोठ्या माणसाचं साधन त्याला मोठं करत नाही.

बुटांचंही तसंच. हिमालयात बर्फावर काटेरी क्रॅम्पॉन बांधायचे असतात म्हणून गिर्यारोहणाच्या बुटाचा तळ मुद्दाम ताठ ठेवतात. तो बूट घालून तुम्ही रायरेश्वराच्या वाटेवरच्या कातळावर पाय ठेवलात तर तळ दगडाच्या आकाराला वळतच नाही. पायाखाली फळी बांधल्यासारखं होतं, आणि खाली काय आहे हे पायाला समजत नाही.

मध्यम म्हणजे किमतीचा मध्यम नव्हे

दुकानात गेलात की एक सोपं गणित ऐकायला मिळतं. हा स्वस्तातला, नवख्यांचा. हा महागातला, तज्ज्ञांचा. तुम्ही मधले, तर हा मधला घ्या. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण या तर्कातली गफलत ॲरिस्टॉटलनं दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवली आहे.

त्याच्या नीतिशास्त्रात मायलो नावाच्या पहिलवानाचं उदाहरण येतं. समजा दहा माप अन्न फार झालं आणि दोन माप फार थोडं झालं. म्हणून काही तालमीतला वस्ताद प्रत्येकाला सहा माप वाढत नाही. सहा माप मायलोला कमी पडेल आणि नुकत्याच तालमीत आलेल्या पोराला जास्त होईल. वस्तूतला मध्य वेगळा आणि आपल्या संदर्भातला मध्य वेगळा. पहिला मोजपट्टीवर सापडतो. दुसरा माणसाकडे बघितल्याशिवाय सापडत नाही.

तेव्हा किमतीच्या पाटीकडे बघण्याआधी स्वतःकडे बघायचं. कसं? चार प्रश्न विचारायचे, आणि त्यांची उत्तरं मनातल्या इच्छेवरून न देता मागच्या वर्षाच्या हिशेबावरून द्यायची.

पहिला: गेल्या बारा महिन्यांत आम्ही नक्की कुठे गेलो? 'जायचंय' ते धरायचं नाही. एव्हरेस्ट बेस कॅम्पचा बेत चार वर्षं चालू असेल आणि प्रत्यक्षात पाय राजगड-तोरण्यालाच लागत असतील, तर बूट राजगड-तोरण्याचा.

दुसरा: कोणत्या ऋतूत गेलो? पावसाळ्यातला सह्याद्री आणि मार्चमधला सह्याद्री हे बुटाच्या दृष्टीनं दोन वेगळे डोंगर आहेत.

तिसरा: पाठीवर किती ओझं होतं? पाण्याच्या दोन बाटल्या आणि डबा, की मुक्कामाचं सगळं सामान?

चौथा: आम्ही चालतो कसे? याचं उत्तर तोंडानं देऊच नका. जुना बूट उलटा करा आणि त्याचा तळ वाचा. टाचेची बाहेरची कड झिजली आहे, की आतली? पुढचा भाग गुळगुळीत झालाय का? शिवण कुठे उसवली? बोटाशी कापड फाटलंय का? हा तळ म्हणजे तुमच्या चालीचा लेखाजोखा आहे. उतरताना टाच खुपसत येणाऱ्याची टाच आधी जाते. दुकानात जाताना जुना बूट पिशवीत घालून न्या. चांगला विक्रेता तुमच्याशी बोलण्याआधी त्याच्याकडे बघेल.

आपला डोंगर काय मागतो

आता डोंगराकडे वळू. सह्याद्री बनला आहे लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा बसाल्ट, आपला काळा कातळ. पण सगळे थर सारखे टणक नाहीत. टणक थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, आणि मधूनमधून तांबड्या मातीचे पट्टे लागतात. म्हणूनच आपल्या किल्ल्यांची चढण पायऱ्यापायऱ्यांची दिसते. आधी मुरमाड उतार, मग कातळाचा टप्पा, मग पुन्हा उतार, आणि शेवटी कोरलेल्या पायऱ्या.

बुटाच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की एकाच सकाळी तुमच्या तळाकडून दोन उलट्या मागण्या होतात. मुरूम आणि घसाऱ्यावर तळाला खोल दाते हवेत, ते मातीत रुततात. चिखलात दात्यांमधलं अंतरही मोकळं हवं, नाहीतर चिखल भरून तळ सपाट होतो. याउलट कातळावर दाते कामाचे नाहीत. तिथे रबर आणि दगड यांचा जितका जास्त भाग एकमेकांना टेकेल तितकं बरं, आणि रबर जितकं मऊ तितकी पकड चांगली. पण मऊ रबर लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि ओल्या कातळावर साबणासारखं सरकतं. सगळं एकाच बुटात मिळत नाही. 'सर्वात चांगला बूट कोणता?' या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. टिकाऊपणा आणि पकड यांत तुम्ही काय सोडायला तयार आहात, हा खरा प्रश्न आहे. सह्याद्रीपुरतं आम्ही म्हणू, पकड धरा, टिकाऊपणा सोडा. झिजलेला बूट बदलता येतो.

गेल्या पिढीतल्या ट्रेकर मंडळींनी हे अनुभवानं ओळखलं होतं. हिरव्या कॅनव्हासचे, घोट्यापर्यंतचे 'हंटर' बूट त्यांनी वापरले. पुढे 'ॲक्शन ट्रेकर'चं नाव सह्याद्रीत घराघरांत गेलं. हे बूट दिसायला साधे आणि किमतीला हलके. त्यांचं नाव झालं ते आपल्या कातळावरच्या पकडीमुळे. आता 'केचुआ'सारखे पर्याय मोठ्या दुकानांत सहज मिळतात. आम्ही कुठल्याही नावाची शिफारस करत नाही. एकाच नावाखाली रबर बदलतं, साचा बदलतो. नाव ऐकून घ्यायचं नाही, तळ बघून घ्यायचा.

तळाला किती महत्त्व असतं याची एक कथा जगाच्या इतिहासात आहे. १९३५ साली आल्प्समध्ये विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती दगावले. तेव्हा चढाईला दोन बूट नेत. वाटेसाठी खिळे ठोकलेले जड बूट, आणि कड्यावर चढण्यासाठी पातळ, हलके. वर हवामान फिरलं आणि पातळ बुटांतली माणसं थंडीत अडकली. दोन्ही कामं करील असा एकच तळ हवा, या ध्यासातून ब्रामानीनं १९३७ मध्ये दातेरी रबरी तळ आणला. त्याच्याच नावाची आद्याक्षरं जोडून 'व्हिब्रम' हे नाव झालं. १९५४ मध्ये इटालियन मोहिमेनं के-२ शिखर पहिल्यांदा सर केलं, तेव्हा त्यांच्या बुटांना हाच तळ होता. आज बाजारात दिसणारा प्रत्येक दातेरी तळ हा कुठे ना कुठे त्या सहा माणसांशी जोडलेला आहे.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, ती आम्ही सांगतो. शेवाळावर कुठलाच बूट भरवशाचा नाही. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळाचा थर बसतो, तेव्हा रबर आणि दगड यांची भेटच होत नाही. मध्ये पाण्याचा आणि शेवाळाचा पडदा असतो. तिथे उपाय दोनच. पाऊल लहान टाका आणि खडबडीत जागा शोधून टाका, नाहीतर परत फिरा. बूट चांगला आहे म्हणून शेवाळावर धाडस करणारा माणूस वाईट बूट घालून जपून चालणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. बचावाच्या कामाला धावून जाणाऱ्या आपल्या गावच्या पोरांना विचारा, बहुतेक घोटाळे चढताना होत नाहीत. ते होतात उतरताना, दमल्यावर, शेवटच्या तासात.

जलरोधक, उंच, जड

आता तीन शब्दांची तपासणी करू. या तीन शब्दांवर सुधारणाऱ्या ट्रेकरचे सर्वात जास्त पैसे खर्च होतात.

पहिला शब्द जलरोधक. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून एक सच्छिद्र पडदा बनवला, पुढे तो 'गोर-टेक्स' म्हणून प्रसिद्ध झाला. बाहेरचं पाणी तो आत येऊ देत नाही, आतली वाफ बाहेर जाऊ देतो. थंड प्रदेशात, बर्फात, दवात ही वस्तू गुणाची आहे. पण आपल्या जुलैत काय होतं? पाऊस पायावरून ओघळत बुटाच्या तोंडातूनच आत शिरतो, ओढा ओलांडताना पाणी वरून येतं. मग ज्या पडद्यानं पाणी बाहेर ठेवायचं तोच पडदा पाणी आत कोंडून ठेवतो. दिवसभर पाय डबक्यात. त्यापेक्षा जाळीदार कापडाचा बूट बरा. तो भिजतो लगेच, पण पाणी सोडतोही लगेच. पावसाळी सह्याद्रीत पाय कोरडा ठेवण्याचा हट्ट धरू नये. भिजलेला पाय निथळला पाहिजे, एवढं बघावं. मोजे मात्र सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं, कातडी मऊ पडते, आणि मग फोड येतात.

दुसरा शब्द उंच. घोट्यावर चढलेला बूट पाय मुरगळू देत नाही, अशी समजूत आहे. पाठीवर मुक्कामाचं ओझं असेल, वाट दगडगोट्यांची असेल, तर उंच बुटाचा आधार वाटतो, काट्याकुट्यांपासून संरक्षणही मिळतं. पण घोटा सांभाळण्याचं मुख्य काम घोट्याभोवतीचे स्नायू करतात. एका पायावर उभं राहून दात घासायची सवय लावा, रोज दोन-दोन मिनिटं. या व्यायामाला पैसे पडत नाहीत. एका दिवसाच्या किल्ल्याला, हलक्या पिशवीला, बुटका बूट पुरेसा होतो.

तिसरा शब्द जड. जड म्हणजे मजबूत, ही आपली जुनी समजूत. पण पाठीवरचं ओझं आपण एकदा उचलतो आणि नेतो, पायावरचं ओझं प्रत्येक पावलाला उचलतो आणि खाली टाकतो. राजगड ते तोरणा ही सोंडेवरची दिवसभराची वाट चाललात तर हजारो वेळा. पायातला थोडासा जडपणा संध्याकाळी गुडघ्यात उतरतो, आणि गुडघा थकला की पाऊल चुकतं.

माप: आकडा आणि पाय

'माझा नंबर आठ' असं आपण म्हणतो, जणू तो आकडा जन्मतः कपाळावर लिहून आलाय. हा आकडा कुठून आला? इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. युरोपी मापात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पावणेसात मिलिमीटर. दोन्ही मापं फक्त लांबी सांगतात. रुंदीबद्दल ती गप्प असतात. आणि आपली गोम नेमकी तिथेच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी सुमारे एक लाख लोकांच्या पायांची मापं घेतली. त्यातून दिसलं की भारतीय पाय सर्वसाधारणपणे युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतो. त्यावरून भारतीयांसाठी 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. अरुंद साच्यातला बूट आपण लांबीला एक नंबर मोठा घेऊन पुरवतो. रुंदीला बसतो, पण टाच आत सरकत राहते. टाच सरकली की फोड, आणि उतरताना बोटं पुढे आपटतात. नखं काळी पडतात ती अशी.

म्हणून बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, डोंगरावरही तो तसाच असणार. ट्रेकला घालता तेच मोजे घालून जा. दोन्ही पायांत घाला, कारण दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाला मान द्या. नाडी बांधल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. टाच उचलली तर बुटासकट उचलली पाहिजे. मग दुकानातल्या जिन्यावरून उतरून बघा. चढून नव्हे, उतरून. बोटं पुढे आपटली तर तो बूट कितीही सुंदर असो, खोक्यात परत.

ज्ञान खरं कधी ठरतं

आपल्या न्यायदर्शनात एक फार व्यवहारी विचार आहे. लांबून पाणी दिसलं. ते पाणी आहे की मृगजळ, हे नुसतं बघत राहून कळत नाही. माणूस तिथे जातो, पितो, तहान भागते, तेव्हा आधीचं ज्ञान खरं होतं असं ठरतं. यालाच नैयायिक 'प्रवृत्तिसामर्थ्य' म्हणतात. कृती फळाला आली, म्हणून ज्ञान प्रमाण.

दुकानातलं तुमचं ज्ञान हे लांबून दिसलेलं पाणी आहे. ते तपासायला लहान कृती निवडा. नवा बूट घालून सरळ राजगड-तोरण्याला जाऊ नका. आधी चार-सहा दिवस घरात, गावात, शेताच्या बांधावर. मग बाजारवाडीतून रोहिडा. तासा-दीड तासाची चढण आहे, आणि माती, दगड, पायऱ्या सगळं चाखायला मिळतं. तिथे बूट कुठे टोचतो ते कळतं, आणि परत यायला लांब नसतं. मग रायरेश्वर. लोखंडी शिडीवर तळ कसा धरतो ते बघा. त्यानंतर मोठा पल्ला.

बूट चांगला निघाला हे ओळखायचं कसं? मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १९२७ च्या आपल्या ग्रंथात हातोडीचं उदाहरण दिलं आहे. काम नीट चालू असताना सुताराला हातोडी दिसतच नाही, त्याचं लक्ष खिळ्यावर आणि लाकडावर असतं. दांडा निखळला की मगच हातोडी 'वस्तू' म्हणून समोर येते. बुटाचंही असंच. संध्याकाळी गडावरून खाली आल्यावर तुम्हाला संजीवनी माचीची तटबंदी आठवत असेल आणि बूट आठवत नसेल, तर निवड बरोबर झाली.

कपाटातला बूट

एक इशारा देतो, कारण हा घोटाळा वारंवार दिसतो. महागाचा बूट 'मोठ्या ट्रेकसाठी' म्हणून खोक्यात जपून ठेवायचा आणि तीन-चार वर्षांनी काढायचा, ही आपली काटकसरीची पद्धत. पण अनेक बुटांच्या तळात मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो आतून हळूहळू कुजतो, वापरला नाही तरी. वरून बूट नवाकोरा दिसतो, आणि अर्ध्या वाटेवर तळ भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. आपल्या दमट हवेत तर हे हमखास. म्हणून जपून ठेवलेला बूट मोठ्या ट्रेकआधी हातानं पिळून, वाकवून बघा, आणि एक दिवस चालवून बघा. पिशवीत दोन हात दोरी ठेवा, तळ सुटला तर बांधून खाली येता येतं. बूट वापरण्यासाठीच असतो. उद्याच्या मोठ्या माणसासाठी राखून ठेवलेला बूट त्या माणसाच्या आधी म्हातारा होतो.

तर मग कोणासाठी घ्यायचा?

इथे बसलेल्यांत शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यात नुकतीच लागलेली मुलं दिसतायत. सुट्टीच्या दिवशी तुमच्यातली काही जण पुण्याच्या लोकांना गडावर घेऊन जातात. तुमच्यासाठी बूट ही हौस नाही. पगारातले पैसे आहेत, आणि मागून येणाऱ्या दहा माणसांची जबाबदारी आहे. तुम्हाला आम्ही एवढंच सांगू: पुढच्या दहा ट्रेकसाठी बूट घ्या. दहा वर्षांसाठी घेऊ नका, मागच्या दहासाठीही नको. सुधारणाऱ्या माणसाचा काळ तेवढाच असतो. दहा ट्रेकनंतर तुम्ही वेगळे असाल, तळही झिजलेला असेल, आणि तेव्हा तुम्हाला आजच्यापेक्षा नेमके प्रश्न विचारता येतील. पैसे उरले तर ते महागड्या बुटात घालू नका. दोन जोड चांगले मोजे घ्या, आणि उरलेल्यात एसटीनं आणखी दोन गड करा. पायाला जे शिकायचं ते वाटेवरच मिळतं.

ताक विकणाऱ्या मावशीला आपण कशाला आठवलं? तिची रबरी चप्पल उत्तम आहे म्हणून नव्हे. तसं समजून कोणी चपलेवर तोरणा चढायला जाऊ नये. तिच्याजवळ आहे ती हजार वेळा त्याच वाटेनं गेलेली चाल. कुठला दगड हलतो हे तिच्या पायाला पाठ आहे. ती चाल विकत मिळत नाही. बूट फक्त एवढं करतो, की ती कमवायला लागणारा वेळ आपल्याला धडधाकट राहून मिळतो.

आठव्या शतकातल्या शांतिदेवानं 'बोधिचर्यावतारा'त चामड्याची एक प्रसिद्ध उपमा वापरली आहे. सगळी पृथ्वी झाकायला चामडं कुठून आणणार? आपल्या पायाखाली एवढंसं चामडं असलं की पृथ्वी झाकल्यासारखीच होते. शांतिदेवाला त्यातून मनाविषयी बोलायचं होतं: जग बदलता येत नाही, मन सावरता येतं. आम्हाला आज त्यातला साधा अर्थही पुरतो. काटे, मुरूम, कातळ, पाऊस, यातलं काहीच आपल्यासाठी बदलणार नाही. आपल्या ताब्यात आहे ते तळव्याएवढंच. ते तेवढं आपल्या खऱ्या पायांच्या मापाचं असावं, म्हणजे झालं.